तांब्याचा पट्टा

गेल्या श्रावणातली गोष्ट. आठवीच्या वर्गात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा चालला होता. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात कशा फेकल्या गेल्या, ते मी हातवारे करून, जरा रंगवूनच सांगत होतो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला ही खोड असावयाचीच. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, असे मी म्हटले मात्र, मागल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, ही कंपनी म्हणजे आपलीच ना?"

'आपलीच' म्हटल्यावर वर्ग खो खो हसला. पण पोरीचे काही चुकले नव्हते. तीच ती कंपनी. जिचे निशाण पुढे चव्वेचाळीस वर्षांनी शनिवारवाड्यावर चढले आणि जिला आपले पूर्वज 'कंपनी सरकार' म्हणत आले, तीच. मी तसे सांगितले. मुलगी मात्र बसेना.

"मग तिकडच्या लोकांनी तिला हाकलून दिल्यावर अमेरिकेत पुन्हा कुठल्या कंपनीचे राज्य आले नाही ना?"

"छे! तिथे लोकशाही आली. एका माणसाला एक मत," असे ठोकून देऊन मी फळा पुसू लागलो. घंटा झाली आणि मी सुटलो.

पण रात्री जेवताना ते उत्तर घशात अडकले. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याची माझी ऐपत नाही. तरी वाचनाचे वेड आहे, आणि त्या वेडापायी काही वर्षांपूर्वी मोंटाना नावाच्या एका अमेरिकन संस्थानाची हकीकत मी वाचून काढली होती. तिथल्या माणसांनाही 'कंपनी' एवढाच शब्द पुरे होता. कोणती कंपनी, असे तिथे कोणी विचारीत नसे. ती हकीकत ठाऊक असून मी वर्गात 'छे!' म्हटले, हे बरे झाले नाही. त्या मुलीचे देणे या निमित्ताने फेडतो आहे. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला न सारता ऐकावे.

मोंटाना हे अमेरिकेच्या वायव्येकडचे, कॅनडाच्या सीमेला टेकलेले डोंगराळ संस्थान. संस्थान म्हणजे तिकडचे घटकराज्य. राजेरजवाड्यांचा तिथे संबंध नाही. आकाराने ते आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठे, पण १९०० च्या खानेसुमारीत तिथली वस्ती अडीच लाखांच्याही आत. या विरळ मुलखात ब्यूट नावाचे एक गाव एका टेकडीवर वसले होते आणि त्या टेकडीच्या पोटात तांबे होते. आपल्याकडे तांबे म्हटले की नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंचेने घासून लख्ख केलेला बंब डोळ्यांपुढे येतो. ब्यूटच्या तांब्याचे नशीब निराळे होते. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजघर सुरू झाले, आणि त्याच साली ब्यूटच्या अ‍ॅनाकोंडा खाणीत तांब्याची प्रचंड शीर लागली. जगाला विजेच्या तारा हव्या होत्या. आपल्या आकाशकंदिलात दिवा पेटतो तो ज्या धातूच्या जोरावर, त्याची ही जगातील सर्वांत श्रीमंत टेकडी समजली जाऊ लागली.

या टेकडीवर दोन माणसे मोठी झाली. मार्कस डेली हा आयर्लंडमधून कफल्लक आलेला, खाणीत स्वतः घण मारलेला, मजुरांत मिसळणारा आणि रागीट. दुसरा विल्यम क्लार्क. पेढीवाला, हिशेबी, बारीक अंगाचा, नीटनेटक्या दाढीचा. या दोघांचे हाडवैर कशावरून पडले याच्या अनेक कथा आहेत. १८९४ साली संस्थानाची राजधानी कोठे असावी यावर मतदान झाले, तेव्हा डेलीने आपल्या अ‍ॅनाकोंडा गावासाठी पैसा पाण्यासारखा ओतला आणि क्लार्कने हेलेना गावासाठी. हेलेना दोन हजारांहून कमी मतांनी जिंकली. खाणमालकांच्या ताटाखालचे मांजर झालेल्या माणसाच्या गळ्यात 'तांब्याचा पट्टा' आहे, असे त्या मुलखातले लोक म्हणू लागले. तो वाक्प्रचार पुढे दोन पिढ्या टिकला, यावरूनच पट्टेवाले किती होते ते समजावे.

क्लार्कला मात्र संपत्तीपेक्षा एका गोष्टीची हाव अधिक होती. त्याला सेनेटर व्हावयाचे होते. त्या काळी अमेरिकेच्या सेनेटचे सभासद जनता निवडीत नसे. प्रत्येक संस्थानाचे विधिमंडळ निवडीत असे. म्हणजे सबंध जनतेची मते मिळविण्याची यातायात नको, थोडेसे आमदार आपलेसे केले की काम झाले. जानेवारी १८९९ मध्ये हेलेनाला विधिमंडळ भरले, आणि गावातल्या हॉटेलांत पाकिटे फिरू लागली.

पुढचा प्रसंग मी कादंबरीत घातला असता तर संपादकांनी 'अतिरंजित' म्हणून काट मारली असती. फ्रेड व्हाइटसाइड नावाचा एक सभासद विधिमंडळात उभा राहिला आणि त्याने हजार हजार डॉलरच्या तीस नोटा सर्वांसमक्ष ठेवल्या. क्लार्कसाठी मते विकत घेण्याकरिता हा पैसा देण्यात आला, असे त्याने सांगितले. तीस हजार डॉलर! सभागृहात काय गोंधळ उडाला असेल याची कल्पना करावी. चौकशीसाठी पंच नेमले गेले. त्यांनी पुरावा अपुरा ठरविला. पुढे गंमत अशी झाली की व्हाइटसाइडच्याच निवडणुकीवर आक्षेप निघून त्याची जागा गेली, आणि महिना संपण्यापूर्वी क्लार्क सेनेटर म्हणून निवडून आला.

प्रकरण वॉशिंग्टनला गेले. तिथल्या समितीने साक्षी घेतल्या आणि ही निवडणूक ग्राह्य धरू नये असा एकमुखी अहवाल १९०० च्या एप्रिलमध्ये दिला. आता हाकलले जाणार असे दिसताच, १५ मे रोजी क्लार्कने सेनेटमध्ये भाषण करून राजीनामा दिला. त्याच सुमारास मोंटानाचा गव्हर्नर स्मिथ परमुलखात होता. त्याची पाठ वळलेली पाहून उपगव्हर्नर स्प्रिग्ज याने त्याच दिवशी रिकाम्या जागेवर नेमणूक केली ती कोणाची? त्याच क्लार्कची! गव्हर्नर धावत परतला, नेमणूक रद्द केली, दुसरा माणूस नेमला. आणि या ओढाताणीत ती जागा रिकामीच राहिली. पण क्लार्क चिकाटीचा. १९०१ च्या जानेवारीत नव्या विधिमंडळाने त्याला रीतसर निवडले आणि सहा वर्षे तो सेनेटमध्ये बसला. १९०७ साली मार्क ट्वेनने त्याच्याविषयी जे लिहिले, ते दिवाळीच्या अंकात शोभणार नाही. १९१३ साली राज्यघटनेत सतरावी दुरुस्ती होऊन सेनेटर थेट जनतेने निवडावा असे ठरले, त्याला देशभरची जी लाजिरवाणी उदाहरणे कारण झाली त्यांत क्लार्कचे नाव पहिल्या रांगेत होते.

इथपर्यंतची गोष्ट लाचेची झाली. लाच सगळ्यांना कळते. लाच देणारा माणूस असतो, त्याला तोंड असते, त्याच्यावर व्यंगचित्रे काढता येतात. १९०३ साली जे घडले त्यात लाच नव्हती, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटते.

डेली १९०० च्या नोव्हेंबरात वारला. त्याआधी वर्षभर त्याच्या खाणी एका नव्या संयुक्त कंपनीच्या ताब्यात गेल्या होत्या. तिचे नाव अमॅल्गमेटेड कॉपर. तिच्यामागे स्टँडर्ड ऑइलचे धनी हेन्री रॉजर्स व विल्यम रॉकफेलर होते आणि तिची सूत्रे न्यूयॉर्कहून हलत. तिच्या आड आला ऑगस्टस हाइन्झ नावाचा एक तरुण खाण-अभियंता. खनिजाची शीर ज्याच्या जमिनीत वर डोकावते, त्याला ती खोलवर शेजाऱ्याच्या जमिनीखालीही खणत नेता येते, असा तिकडचा एक कायदा होता. त्याच्या जोरावर हाइन्झने कंपनीवर खटल्यांमागून खटले भरले. ब्यूटचे न्यायाधीश क्लॅन्सी यांचा कौल बहुधा हाइन्झच्या पारड्यात पडे. तेव्हा हाइन्झ हा काही संत नव्हता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. २२ ऑक्टोबर १९०३ रोजी क्लॅन्सीसाहेबांनी पुन्हा दोन निकाल कंपनीविरुद्ध दिले.

कंपनीने अपील वगैरे करण्याच्या आधी दुसरेच केले. तिने मोंटानातील आपले सगळे काम बंद पाडले. खाणी, भट्ट्या, लाकडाच्या गिरण्या, कोळसा, सगळे. पंधरा हजारांच्या घरात माणसे एकाएकी घरी बसली. तिकडे ऑक्टोबरअखेर म्हणजे बर्फाचे दिवस. वाण्याची उधारी थांबू लागली की घरात काय होते, हे आपल्यापैकी गिरणगावच्या संपाचे दिवस पाहिलेल्यांना सांगावयास नको. २६ ऑक्टोबरला हाइन्झने कोर्टाच्या पायऱ्यांवरून हजारोंच्या जमावापुढे भाषण केले: आज हे मला चिरडतील, उद्या तुमची पाळी, मजुरी कापतील आणि दुकानातला प्रत्येक घास महाग करतील. लोकांनी टाळ्या वाजविल्या असे सांगतात. पण टाळ्यांनी चूल पेटत नाही.

कंपनीची मागणी काय होती? गव्हर्नरने विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलवावे आणि न्यायाधीश पक्षपाती वाटला तर खटला दुसरीकडे नेता येईल असा कायदा करावा. मागणी दिसावयास किती साधी, किती न्याय्य! गव्हर्नर टूल यांनी मान तुकविली. खाणी पुन्हा सुरू झाल्या, १ डिसेंबरला अधिवेशन भरले, हवा तो कायदा झाला. तीन वर्षांत हाइन्झ आपला बाडबिस्तरा विकून मोकळा झाला.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. मोंटानाच्या मतदारयादीत त्या कंपनीचे नाव नव्हते. ती मतदान करू शकत नव्हती, निवडणुकीला उभी राहू शकत नव्हती. ब्यूटच्या प्रत्येक खाणमजुराजवळ एक मत होते, न्यूयॉर्कच्या रॉकफेलरजवळ मोंटानात एकही नव्हते. बेरीज केली तर पंधरा हजार विरुद्ध शून्य. आणि तरी शून्याने कायदा करून घेतला. माझ्या वर्गातल्या 'एका माणसाला एक मत' या वाक्याला एवढ्यानेच तडा जातो. (बायकांना तर ते मतही मोंटानात १९१४ साली मिळाले, हेही मी त्या दिवशी सांगितले नव्हते.)

मोंटानाचे लोक हा हिवाळा विसरले नाहीत. १९०६ साली त्यांनी घटनेत अशी सोय करून घेतली की पुरेशा सह्या जमविल्यास लोकांना स्वतःच कायद्याचा मसुदा मतदानाला टाकता यावा. आणि १९१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी तो अधिकार वापरला. कुठल्याही कंपनीने उमेदवाराला किंवा पक्षाला मदत करण्यासाठी अगर पाडण्यासाठी पैसा देऊ वा खर्चू नये, असा कायदा मतदारांनी भरघोस बहुमताने मंजूर केला. विधिमंडळावर विसंबून न राहता त्यांनी आपल्या हाताने केलेला असा हा कायदा.

देशाचा याच आशयाचा कायदा त्यापूर्वी १९०७ साली झाला होता. विमा कंपन्यांनी विमेदारांच्या पैशातून निवडणुकीसाठी देणग्या दिल्याचे १९०५ च्या न्यूयॉर्कमधील चौकशीत उघडकीस आले, त्याचा तो परिणाम. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो सेनेटर टिलमन. हा गृहस्थ दक्षिण कॅरोलिनाचा. आपल्या संस्थानात नीग्रोंचा मताधिकार हिरावून घेण्यात त्याचाच पुढाकार होता. मतांची समता कंपन्यांपासून वाचवावयास निघालेला हा माणूस! इतिहासात अशी सोंगे पुष्कळ भेटतात.

मोंटानाचा कायदा झाला म्हणून तांब्याचा पट्टा गळून पडला, असे मात्र कोणी समजू नये. ब्यूटमधल्या हेनेसी इमारतीच्या सहाव्या मजल्यावर कंपनीचे ठाणे होते आणि 'सहावा मजला' म्हटले की माणसे आवाज खाली आणीत. निवडणुकीत पैसा देण्यास बंदी होती. वर्तमानपत्र विकत घेण्यास नव्हती. तेव्हा कंपनीने वर्तमानपत्रे घेतली. मोंटानातील बहुतेक मोठी दैनिके १९५९ पर्यंत तिच्या मालकीची होती. जूनच्या ८ तारखेला, १९१७ साली, ब्यूटच्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागून दीडशेहून अधिक माणसे जमिनीखाली मेली. ती खाण दुसऱ्या एका कंपनीची. पण संपाचा वणवा सगळ्या टेकडीवर पसरला. त्या मजुरांची बाजू वॉशिंग्टनमध्ये मांडली ती जनेट रँकिन या बाईने. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेली ती पहिली स्त्री, आणि ती मोंटानाची. आपल्या वाचकांना हिची ओळख दुसऱ्या कारणाने आवडेल. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने दुसऱ्या महायुद्धानंतर ती हिंदुस्थानात अनेक वेळा आली. १९१८ साली ती सेनेटच्या निवडणुकीत पडली. महायुद्धाला तिने विरोध केला होता आणि अ‍ॅनाकोंडाशी वैर पत्करले होते, तेव्हा तिची धडगत नव्हतीच.

आता गोष्टीचा दुसरा धागा उचलतो. तो थोडा कोर्टकचेरीचा आहे, म्हणून आटोपशीर सांगतो. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, अमेरिकेच्या घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. कोणत्याही 'व्यक्ती'ला कायद्याचे समान संरक्षण नाकारले जाऊ नये, असे तिच्यात आहे. ती झाली गुलामगिरीतून सुटलेल्या नीग्रोंसाठी. १८८६ साली कॅलिफोर्नियातील एका रेल्वे कंपनीचा कुंपणावरील कराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. कंपनी ही या दुरुस्तीतील 'व्यक्ती' होय, यावर आम्हाला युक्तिवाद ऐकावयाचा नाही, ती आहे असेच आम्हा सर्वांचे मत आहे, असे सरन्यायाधीश वेट सुनावणीपूर्वी बोलले. निकालपत्रात त्याचे विवेचन नाही. न्यायालयाचा वृत्तलेखक बँक्रॉफ्ट डेव्हिस याने ते बोल निकालाच्या माथ्यावरच्या टिपणात घातले, आणि ते टिपण पुढे वेदवाक्य होऊन बसले. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी १९३८ साली हिशेब मांडला: पहिल्या पन्नास वर्षांत या दुरुस्तीचा आधार सर्वोच्च न्यायालयात ज्या खटल्यांत घेतला गेला, त्यांतले नीग्रोंच्या संरक्षणाचे खटले शेकडा अर्ध्याहून कमी, आणि कंपन्यांना लाभ मागणारे शेकडा पन्नासांहून अधिक.

या वाटेने जाता जाता २१ जानेवारी २०१० उजाडला. 'सिटिझन्स युनायटेड' या संस्थेने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा एक चित्रपट काढला होता. निवडणुकीच्या तोंडावर तो दाखविण्यावर बंधन होते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की बोलणारा माणूस आहे की कंपनी हे पाहून राजकीय बोलणे रोखता येणार नाही, आणि उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या प्रचाराच्या खर्चावर बंदी घालता येणार नाही. उमेदवाराच्या हातात कंपनीने थेट देणगी ठेवण्यास मनाईच राहिली. पण आपल्या जोरावर हवा तेवढा डंका पिटावयास रान मोकळे झाले.

या निकालाला नुसती नाके मुरडून भागणार नाही. न्यायालयाचा एक प्रश्न मला आजही अडवितो: वर्तमानपत्रही कंपनीच चालविते, मग कोणत्या कंपनीने बोलावे आणि कोणत्या नाही हे सरकार ठरविणार काय? सरकारने ठरवावे, असे म्हणावयास माझी जीभ वळत नाही. पण मोंटानात वर्तमानपत्रे आणि खाणी एकाच तिजोरीतून चालत होत्या तेव्हा सामान्य माणसाचे बोलणे कोणाच्या कानी जात होते, याचे उत्तर त्या निकालात मला सापडले नाही.

मोंटानाच्या १९१२ च्या कायद्यावर अर्थातच गदा आली. संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण गेले आणि ३० डिसेंबर २०११ रोजी त्याने पाच विरुद्ध दोन मतांनी कायदा उचलून धरला. निकालपत्रात क्लार्कची, खाणमालकांची, त्या काळच्या खरेदी-विक्रीची हकीकत सांगितली आहे. आमचा अनुभव असा आहे, म्हणून आम्हाला हा कायदा लागतो, असा त्याचा सूर. विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती जेम्स नेल्सन होते. कंपनीला माणूस म्हणणे त्यांना मुळीच पटत नव्हते, आणि तसे त्यांनी कडक शब्दांत लिहिलेही. पण वरिष्ठ न्यायालयाचा निकाल आपल्याला बांधून घेतो, आवडो न आवडो, म्हणून त्यांनी कायद्याविरुद्ध मत दिले. या माणसाविषयी मला आदर वाटतो. मनाविरुद्ध सही करण्याचा प्रसंग शाळेतही येतो, तो इतका मोठा नसतो एवढेच.

वॉशिंग्टनच्या न्यायालयाने २५ जून २०१२ रोजी, तोंडी युक्तिवादही न ऐकता, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, एका लहानशा निनावी निकालाने मोंटानाचा कायदा मोडीत काढला. आमच्या २०१० च्या निकालाहून हे निराळे कसे, ते मोंटानाने दाखविले नाही, एवढेच कारण. ब्यूटचा १९०३ चा हिवाळा त्या कागदात कुठेच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नव्हे. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मोठ्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमपत्रात बदल मागितला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याने अडविता येत नाही म्हणून परवानगी दिली, पण लोकशाहीला यात मोठा धोका आहे असा इशारा त्याच निकालात देऊन ठेवला. तेथून २०२४ च्या फेब्रुवारीत निवडणूक रोखे रद्द झाले तोवरची कहाणी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अ‍ॅनाकोंडा कंपनी आज नाही. १९७७ साली एका तेल कंपनीने तिला विकत घेतले, आणि पाच वर्षांनी ब्यूटच्या प्रचंड खड्ड्यातले काम थांबले. पंप बंद झाले तसा तो विषारी पाण्याने भरत गेला. टेकडीवरचे गाव अर्ध्याहून रिकामे झाले.

पण २०१२ च्या नोव्हेंबरात, त्या जुन्या मतदानाला बरोबर शंभर वर्षे झाली असता, मोंटानाच्या मतदारांपुढे पुन्हा एक कागद आला. कंपनी म्हणजे माणूस नव्हे, आणि तिला माणसाचे घटनात्मक हक्क नाहीत, हे या संस्थानाचे धोरण असावे काय? चारांतल्या सुमारे तिघांनी 'होय' म्हटले. या मताने वॉशिंग्टनचा निकाल तसूभरही हलणार नव्हता, हे उघडच होते. तरी माणसे घराबाहेर पडली, रांगेत उभी राहिली.

दिवाळीची सुट्टी संपली की आठवीचा तो तास पुन्हा घ्यावयाचा आहे. मी त्या मुलीला हे सगळे सांगणार आहे. ऐकून झाल्यावर ती बसणार नाही, हेही मला ठाऊक आहे. आणि तिच्या पुढल्या प्रश्नाची धास्ती मी आत्तापासूनच घेतली आहे.